सांगली ते वाशी, एका अर्ध्या गाण्यापायी

शुक्रवार

फेब्रुवारीत सांगलीच्या मार्केट यार्डात सुट्टी मागायची नसते. नवी राजापुरी हळद येऊन पडलेली असते, सकाळी सौदे, दुपारभर हिशेबाच्या पट्ट्या, आणि मी अडत दुकानात दिवाणजी. तरी या शनिवारची सुट्टी मी डिसेंबरातच मागून ठेवली होती. मालकांनी विचारलं, "लग्न आहे का कुणाचं?" म्हटलं, "गाण्याचा कार्यक्रम आहे. वाशीला." त्यांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जा. पण सोमवारचा सौदा चुकवायचा नाही."

कार्यक्रम ज्यांचा, त्यांचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. मुलगी लहान असताना त्यांना 'कवीकाका' म्हणायला लागली, मग सगळेच म्हणू लागले. मीही इथं तेच म्हणतो. गाणी तेच लिहितात, चाली तेच लावतात, गातातही तेच. आजवर मी त्यांना 7 वेळा ऐकलं. दर वेळी मागं तबला, ढोलकी, कीबोर्ड, बासरी, बाजूला दोन गायिका आणि एक निवेदक. कार्यक्रम रंगायचे, मी टाळ्या वाजवून हात लाल करून घरी यायचो. या वेळी मात्र ते पहिल्यांदाच एकटे बसणार होते. पेटी आणि आवाज, एवढंच. सांगलीत कार्यक्रम ठेवलेला नव्हता. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. तिथं मी त्यांना दोनदा ऐकलं होतं, ती बातमी मला घरातलं माणूस गेल्यासारखी लागली होती. राहता राहिली वाशी. विष्णुदास भावे नाट्यगृह, शनिवारी रात्री साडेआठ वाजता.

जाण्याचं खरं कारण बॅगेत होतं, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. एक कॅसेट.

1996 च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आकाशवाणी सांगलीवर एक तरुण आवाज लागला. नाव कधी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या दोन ओळींतच मी उठलो, टू-इन-वनमध्ये कोरी कॅसेट घातली आणि लाल बटण दाबलं. घर विकून निघालेल्या माणसाचं गाणं होतं ते. पहिल्या अंतऱ्यात तो उंबरा पुसून घेतो. दुसऱ्यात परसातल्या रहाटाचा दोर सोडवतो, नीट गुंडाळतो आणि नव्या मालकाला लागेल म्हणून तिथंच ठेवून देतो. मग तिसरा:

कुलूप लावुन, किल्ली देउन
पायरी उतरुन गेला,
मागे वळुनी बंद घराला

आणि वीज गेली.

वीज गेल्यावर टेपची मोटर एकदम थांबत नाही, मंदावत मंदावत थांबते. मंद चाललेल्या फितीवर जे उमटतं, ते नेहमीच्या वेगानं वाजवलं की बारीक होऊन निघतं. त्यामुळं माझ्या कॅसेटवर 'घराला'मधला 'ला' चिमणीसारखा चिवचिवतो, आणि टक्. पुढं नुसती फितीची खरखर.

पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. ते गाणं त्यांच्या कुठल्या कॅसेटमध्ये आलं नाही, सीडीत आलं नाही, पुस्तकात आलं नाही. सातही कार्यक्रमांत त्यांनी ते घेतलं नाही. मग पुढचं मी मनानंच रचत गेलो. माझ्या अंतऱ्यात तो माणूस अंगणातली मूठभर माती रुमालात बांधायचा. कधी रात्री परत येऊन दार ठोठवायचा. एका वर्षी तर मी त्याच्यासाठी अख्खा चौथा अंतरा लिहिला, भजनी मंडळात पेटी वाजवता वाजवता त्याला चालही लावली.

आमचं मूळ घर हरिपूरचं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांचं, नाटककार देवलांचं हरिपूर. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात छताला हात लागेल इतकं पाणी होतं. कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती म्हणून वाचली. दोन वर्षांनी पुन्हा पाणी आलं आणि आम्ही घर विकून विश्रामबागला फ्लॅटमध्ये आलो. किल्ली देतानाचा दिवस मला लख्ख आठवतो. आईनं चौकटीला हात लावला आणि काहीतरी पुटपुटली. देवाचं नाव घेतलं असेल, असं मला वाटलं. मी पायरी उतरलो तेव्हा डोक्यात तेच गाणं चालू होतं, 'बंद घराला'पर्यंत आलं आणि थांबलं. पुढची ओळ तेव्हा मला फार हवी होती.

तर रात्री दहाची बस. आईला 'येतो' म्हणून खाली उतरलो. बायकोनं मामांसाठी भडंगाची दोन पाकिटं आणि शेरभर हळद दिली. पेठ नाक्यावर बस चहाला थांबली. अण्णाभाऊ साठेंचं वाटेगाव इथून जवळच. तो माणूस या भागातून पायी चालत मुंबईला गेला आणि तिथं बसून 'माझी मैना गावावर राहिली' लिहिलं. एसीच्या बसमधून उतरून चहा पिताना मला दर वेळी त्याची आठवण येते आणि जरा संकोचल्यासारखं होतं. कराड गेलेलं कळलं, सातारा झोपेत गेला.

शनिवार

पहाटे सव्वापाचला वाशीच्या हायवेला उतरलो. मुंबई म्हणावी तर समोर खाडीपूल आहे, मुंबई त्याच्या पलीकडं. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या या बाजूला आखून शहर वसवलं. त्यामुळं आमच्याकडच्या माणसाला इथं एक बरं वाटतं, सेक्टरचा नंबर माहीत असला की रस्ता कुणाला विचारावा लागत नाही. स्टेशनवर येऊन ठाण्याची लोकल धरली. सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे. तिसऱ्या स्टेशनावर मामा उभे.

"आलास का रं? मला वाटलं झोपून पुढं जातोस का काय बोरिवलीला."

मामा शिराळा तालुक्यातले. 1979 साली मस्जिद बंदरला माथाडी म्हणून लागले, बाजार खाडीच्या अलीकडं आला तसे तेही आले. आता निवृत्त झालेत, पण पहाटे चारची जाग गेलेली नाही. मामींनी घावन केले होते. दोन तास झोप काढ म्हणाले, पण झोप कुठली लागायला. मग मामाच म्हणाले, "चल, तुला बाजार दावतो. तुझीच हळद हाय की तितं."

मसाला मार्केटमध्ये शिरलो आणि नाकात घरचा वास आला. मिरचीचा ठसका, धण्याचा गोडसर वास आणि त्या सगळ्याखाली हळद. एका गाळ्यासमोर थप्पी लागत होती आणि पोत्यांवर सांगलीच्या पेढ्यांचे छाप होते. यातल्या काही पेढ्यांच्या पट्ट्या मी गेली 20 वर्षं बघतोय. मी ज्या मालाचे आकडे लिहितो, तो माल इथं माणसाच्या पाठीवरून उतरतो, हे मला माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं. दोघं जण पोतं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात. घेणारा वाकतो, दम भरतो, आणि तो दम थप्पीवर पोतं टाकेपर्यंत सोडत नाही. फळीवरून वर चढतानाही नाही.

"मधी दम सोडला की पोतं दुप्पट जड हुतंय," मामा म्हणाले. टोळीच्या मुकादमानं त्यांना ओळखलं, चहा मागवला. मामांनी त्यांना सांगितलं, "भाचा हाय, सांगलीचा. गाणं ऐकायला आलाय." मुकादम म्हणाले, "गाणं ऐकायला? सांगलीहून?" आणि मग त्यांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. बाजारातल्या हमालांना 1969 चा माथाडी कायदा मिळाला, अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी लढा दिला, हे मामा मला लहानपणापासून सांगतात. त्या सकाळी त्यांनी काहीच सांगितलं नाही, नुसते बघत उभे राहिले.

तिकिटं मी दोन काढली होती. मामांना ते जेवताना सांगितलं.

"भाव्याच्या थेटरात व्हय? हितं इतकी वर्सं काढली, आत कधी गेलो न्हाई."

"मग आज चला. नाव आपल्याच माणसाचं आहे."

विष्णुदास भावे सांगलीचे. 5 नोव्हेंबर 1843 ला त्यांनी सांगलीच्या राजेसाहेबांपुढं 'सीता स्वयंवर' केलं, त्याचीच आठवण म्हणून आपण त्या तारखेला रंगभूमी दिन पाळतो. सांगलीतही त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे, कवीकाकांना मी पहिल्यांदा समोर पाहिलं ते तिथंच. भाव्यांच्या खेळाची एक गोष्ट मला फार आवडते. त्या खेळांत सोंगं येऊन आपापली भाषणं आयत्या वेळी करायची, पण पदं सगळी सूत्रधार गायचा. एका बाजूला उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि ती पदं भाव्यांनी स्वतः रचलेली असत. म्हणजे आपल्या नाटकाची सुरुवातच मुळी स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन उभ्या असलेल्या माणसापासून झाली. कार्यक्रमाची जागा वाशीत असली तरी मला ती परकी वाटेना, ती यामुळं.

साडेसातलाच पोचलो. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, टोपी घडी करून खिशात. दारात बरीच गर्दी. माझ्या वयाचे बरेच, आणि कॉलेजची मुलंही. एका मुलीच्या पिशवीवर कवीकाकांच्या गाण्याची ओळ हातानं रंगवलेली होती. मी तिला म्हटलं, "दुसऱ्या शब्दात वेलांटी पहिली हवी." ती हसली नाही, तिनं फोनमध्ये तपासलं आणि "हो की" म्हणाली. अशी माणसं आजूबाजूला असली की मला फार बरं वाटतं.

तिसरी घंटा झाली, पडदा गेला. रंगमंचावर एक बैठक, तिच्यावर पेटी, पाण्याचा तांब्या, दोन माइक. मागं काळा पडदा. इतकं मोकळं स्टेज बघून पोटात गोळा आला. त्यांच्यासाठी आला. सात वेळा ज्यांच्या मागं सात माणसं बघितली, ते गृहस्थ खादीचा झब्बा घालून एकटे चालत आले, बसले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग त्यांनी भाता हलवला. सूर दाबला नव्हता, नुसता भाता. हवेचा तो 'हुस्स' आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. मी स्वतः पेटी वाजवतो, हा आवाज माझ्या रोजच्या कानातला आहे, पण नाट्यगृहात तो कधी ऐकला नव्हता. तबला-ढोलकी असली की तो झाकला जातो. पट्टीवर बोट टेकतानाची लाकडाची टकटकही ऐकू येत होती. पहिलंच गाणं त्यांनी त्यांचं सगळ्यात गाजलेलं घेतलं, जे एरवी केरव्यात धावतं आणि लोक टाळ्यांनी ठेका धरतात. त्या रात्री ठेका नव्हताच. एकेक ओळ म्हणायचे, थांबायचे, पुढची म्हणायचे. मला वाटायचं ते प्रेमाचं गाणं आहे. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही ते लावलं होतं. ठेका काढून घेतल्यावर कळलं, ते भांडण झाल्यानंतरचं गाणं आहे. नवरा दाराबाहेर उभा आहे आणि आत यायचं कसं ते त्याला सुचत नाहीये. शब्द तेच होते, सगळे मला पाठ. ढोलकीच्या आनंदात मी ते कधी ऐकलेच नव्हते.

मी मांडतोय ते एवढंच आहे. साथ वाईट नसते, साथीदार मोठे कलावंत असतात. पण ज्यानं गाणं लिहिलं, त्याला दोन ओळींच्या मधे किती थांबायचं होतं, ते एकट्यानं गाताना समजतं. तिथं तबला असला की त्याला समेवर यावंच लागतं. त्या रात्री ते कुठल्याच समेला बांधलेले नव्हते. एका जागी तर ते इतके थांबले की एसीची घरघर ऐकू आली आणि मागं कुणीतरी खोकणारा माणूस खोकला दाबून बसला.

तिसरं गाणं त्यांनी काळी दोनमध्ये धरलं, पूर्वी गायचे तसं. वर जाताना आवाज फाटला. थांबले. "आता वय झालं," म्हणाले, "पांढरी एकमध्ये घेऊ." आणि सरळ खाली उतरवून पुन्हा पहिल्यापासून गायले. लोकांनी टाळ्या दिल्या. खालच्या पट्टीत ते गाणं मला जास्त आवडलं. तरुणपणी जिथं ते ओरडून सांगायचे, तिथं आता शेजारच्या खुर्चीवर बसून सांगत होते.

मामा इतका वेळ गप्प होते. मी मधून मधून बघत होतो, झोप लागली असेल तर ठीकच म्हणून. डोळे उघडे होते. एका गाण्यानंतर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"ह्यो बाबा ओळीच्या आधी दम भरतोय, बगितलास? आन् ओळ संपस्तोर सोडत न्हाई."

त्यानंतर मला दुसरं काही दिसेना. खांदे किंचित वर जायचे, छाती भरायची, आणि मग ती लांब ओळ एका दमात, टोकापर्यंत. मधे देणारा कुणी नाही, घेणारा कुणी नाही. पोतं एकट्याच्या पाठीवर.

मध्यंतरात बटाटेवडा घेतला, पण घशाखाली जाईना. निवेदक नव्हताच, दारावरच्या मुलानं सांगितलं की फर्माईश असेल तर चिठ्ठी द्या. बसच्या तिकिटाची छापील प्रत खिशात होती, तिच्या मागं लिहिलं: '1996, आकाशवाणी सांगली. घर विकणाऱ्या माणसाचं गाणं. तिसऱ्या अंतऱ्यात 'बंद घराला' म्हटलंत आणि आमच्याकडची वीज गेली. पुढचं राहिलं आहे. जमलं तर.' सही केली नाही. मुलानं ती इतर चिठ्ठ्यांत घातली. पुठ्ठ्याचा खोका जवळजवळ भरलेला होता.

दुसऱ्या भागात त्यांनी पाच चिठ्ठ्या वाचल्या, पाच गाणी झाली. माझी नव्हती. साडेदहा वाजले. ते म्हणाले, आता शेवटचं. मी मनातल्या मनात कॅसेटला सांगितलं, राहू दे. आणि मग त्यांनी पेटीच्या खालून एक घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला.

"ही मी मध्यंतरातच वाचली. मुद्दाम शेवटी ठेवली."

त्यांनी माझी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. नाट्यगृहात कुणी हसलं नाही, याबद्दल मी त्या लोकांचा आभारी आहे. मग त्यांनी विचारलं, "कोण आहेत?" मला हात वर करता येईना. मामांनी माझं मनगट धरलं, पोत्याचा कोपरा धरावा तसं, आणि वर केलं.

कवीकाका माझ्या दिशेनं बघत राहिले. अंधारात मी त्यांना दिसलो नसेन. म्हणाले, "हे गाणं माझ्या वडिलांचं आहे. ते गेल्यावर मी ते बाजूला ठेवलं. मला वाटत होतं, ते माझ्याशिवाय कुणाकडं नाही."

आणि ते गायले. उंबरा आला. रहाटाचा दोर आला, तो गुंडाळून ठेवताना त्यांनी 'नीट' या शब्दावर जरासं वजन दिलं, ते कॅसेटवर नाही. किंवा असेल आणि खरखरीत गेलं असेल. कुलूप लावुन, किल्ली देउन. माझ्या कानात पुढची चिमणी आधीच तयार होती. मागे वळुनी बंद घराला. त्यांनी भाता बंद केला, पेटीवरचा हात काढला, आणि सुराशिवाय, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणाले:

'येतो' इतके म्हणाला.

मी वाट बघत राहिलो. आता पुढं माती येईल, आता रुमाल. ध्रुवपद तरी परत येईल. काही आलं नाही. त्यांनी पेटीची पुढची खिट्टी लावली. गाणं संपलं होतं.

एक ओळ राहिली होती. 29 वर्षं मी समजत होतो की वीज गेली तेव्हा बरंच गाणं बाकी होतं. अख्खे अंतरे रचले मी त्या अंधारात. आणि होती ती एक ओळ, त्यातही खरा शब्द एकच.

टाळ्या कधी सुरू झाल्या मला कळलं नाही. मामांनी टोपी खिशातून काढून डोक्यावर घातली होती आणि ते उभे होते.

आत भेटायला रांग होती. अर्ध्या तासानं नंबर लागला. पाया पडलो, बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो, टॉवेल सोडून कॅसेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट केली. वेष्टनावर मी तेव्हा बॉलपेननं लिहिलेलं होतं, 'अनोळखी, फार छान'. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"वाजते अजून?"

"वाजते."

"मग तुमच्याकडंच ठेवा," म्हणाले आणि परत दिली. मागं लोक होते. बाहेर आलो.

रिक्षात मामा बोलले नाहीत. कोपरखैरणेला उतरल्यावर, दाराशी चप्पल काढताना म्हणाले, "शेवटाला त्यानं दम सोडला. बरूबर जागेवर सोडला."

रविवार

उशिरा उठलो. मामी म्हणाल्या, एवढा आलाच आहेस तर पक्षी बघून ये. मामांबरोबर वाशीच्या सागर विहारला गेलो. ओहोटी होती, चिखलावर लांबवर गुलाबी ठिपके. रोहित पक्षी. दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. ठाणे खाडीत 2015 पासून त्यांच्यासाठी अभयारण्य आहे, 2022 मध्ये त्या खाडीला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. जवळून बघायचे तर ऐरोलीहून वन विभागाची बोट सुटते, पण ती भरतीच्या वेळेवर, आणि आमच्याकडं वेळ नव्हता. एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला दुर्बीण दिली. चोच उलटी करून चिखल गाळत होते, मान वर न करता, शेकड्यांनी.

खरं सांगायचं तर माझं लक्ष नव्हतं. मी ती ओळ परत परत म्हणून बघत होतो. 'येतो' वर सूर कुठला लावला असता, तर? लावूनच बघितला, षड्ज, मग खालचा पंचम. कुठलाच बसेना. त्यांनी भाता का बंद केला ते तिथं चिखलाच्या काठावर उभं राहून समजलं. तो शब्द कुणी गात नाही. चप्पल पायात घालता घालता म्हणायचा असतो.

दुपारी मामींच्या हातचं कालवण-भाकरी, मग झोप. रात्री मामा हायवेपर्यंत सोडायला आले. बस पाऊण तास उशिरा आली, तोवर त्यांनी मस्जिद बंदरच्या दिवसांतली दोन भजनं म्हणून दाखवली. आवाज अजून खणखणीत आहे. माझ्या पिशवीत त्यांनी लवंगांची पुडी घातली, "आयला दे म्हणावं, मसाला मार्केटची हाय."

सोमवार

सकाळी सहाला विश्रामबागला उतरलो. दहाचा सौदा होता, म्हणून सरळ आंघोळ करून घेतली. मुलगी शाळेच्या गडबडीत होती, बायको डब्यात. आई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. तिच्यासमोर लवंगांची पुडी ठेवली आणि टू-इन-वन फडताळातून काढून कॅसेट लावली. उंबरा, रहाट, कुलूप, किल्ली. 'बंद घराला', चिमणी, टक्. खरखर सुरू झाल्यावर मी बंद केली.

"शेवटची ओळ मिळाली," मी म्हटलं.

बायकोनं पोळी तव्यावर तशीच ठेवून मागं बघितलं. "काय आहे?"

"'येतो' इतके म्हणाला. घराला. एवढंच आहे, संपलं तिथं."

आईनं काडी मोडली, पानं टोपलीत टाकली.

"मग काय म्हणंल दुसरं?" ती म्हणाली. "जातो म्हणतात व्हय घराला?"